एक मात्रा जास्त

त्याला सगळे शंकासुर म्हणायचे आणि तोही त्या हाकेला बिनदिक्कत ओ द्यायचा. एका सायंदैनिकात मुद्रितशोधक म्हणून त्याची एकतीस वर्षं गेली होती. मुद्रितशोधक म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका धरणारा माणूस. पेपरात चोराचं नाव येतं, पोलिसाचं येतं, याचं कधी येत नाही. चूक राहिली तरच लोकांना कळतं की असा कुणी प्राणी तिथे पगार घेतो.

अंगकाठी उद्गारचिन्हासारखी, पण स्वभाव पहिल्यापासून प्रश्नचिन्हाचा. दूधवाल्याने "ताजं आहे" म्हटलं की हा विचारणार, "कशाच्या मानाने?" इमारतीच्या खाली दुकान असलेल्या चष्मेवाल्याने एकदा हौसेने सांगितलं, "नवीन काच आलीय, ओरखडा म्हणून पडायचा नाही." शंकासुराने खिशातून किल्ली काढली. ती काच चष्मेवाल्याने अजून जपून ठेवलीय, ओरखड्यासकट. आणि शंकासुर जिन्यावरून उतरला की दाराशी धरून दाखवतो.

लग्न केलं नाही. एकदा जुळत आलं होतं म्हणतात. निमंत्रणाचा मसुदा तपासायला याच्याच हाती पडला आणि 'उभयतांच्या संमतीने' या शब्दांवर याने सवयीने प्रश्नचिन्ह काढलं. ते उभयतांपैकी एकीने वाचलं. खरं-खोटं ताईला माहीत, आणि ताई दर वेळी ही गोष्ट वेगळी सांगायची.

ताई म्हणजे थोरली बहीण. सहा वर्षांनी मोठी, तोंडाने साठ वर्षांनी. तिचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांना एकमेकांशी जोडून देण्यात गेला. मग आपोआप लागणारे फोन आले आणि एका दुपारी अठ्ठावीस जणींना पुष्पगुच्छ देऊन घरी पाठवलं. एखादीने यंत्राच्या नावाने बोटं मोडली असती. ही म्हणायची, "यंत्राने माझी नोकरी खाल्ली, पण मानेचं दुखणंही खाल्लं. हिशोब चुकता." नवा मोबाइल आला की सगळ्यात आधी हिच्या हातात. त्या फोनने आपल्याला 'ताई' म्हणावं, हेसुद्धा तिने त्याला शिकवलं होतं. रोज सकाळी ती त्याला विचारायची, "काय रे, आज कसं आहे बाहेर?" आणि तो म्हणायचा, "ताई, आज आकाश निरभ्र राहील." तेवढ्यात खिडकीतून शंकासुर ओरडायचा, "कोणाच्या सांगण्यावरून?"

अडीच वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिला. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी चार-चार तास डायलिसिस. सरकारी योजनेचं कार्ड होतं, त्यावर सगळं व्हायचं. कार्ड वाचणाऱ्या यंत्रावर टेकवायचं, हिरवा दिवा लागला की मशीनचा पंप फिरायचा आणि ताईचं रक्त बाहेर जाऊन धुऊन परत यायचं. ती म्हणायची, "लाइन जोडली बाई माझी."

कचेरीत शंकासुराचं टेबल कोपऱ्यात, पंख्याखाली, म्हणजे प्रूफं उडू नयेत म्हणून कायम बंद असलेल्या पंख्याखाली. तंत्रज्ञान, उद्योग आणि सरकारी धोरणं यांचं पान त्याच्याकडे असायचं. कारण उघड होतं: त्या पानावर तोच एकटा हसायचा.

त्याचं सूत्र साधं होतं. बातमीतला कर्ता शोधा. पेपरी भाषेत कामं कुणी करत नाही, ती 'करण्यात येतात'. निधी मंजूर करण्यात येतो, आदेश देण्यात येतात, विश्वास व्यक्त करण्यात येतो. 'नव्या प्रणालीमुळे रांगा इतिहासजमा होणार असल्याचे सांगण्यात आले' असं वाक्य आलं की हा समासात तांबड्या शाईने लिहायचा, 'कोणी? कोणाला? रांगेत उभं राहून?' 'एका क्लिकवर' या शब्दांवर त्याचा खास राग. "एका क्लिकवर म्हणजे अकरा क्लिक आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा'," तो म्हणायचा. एका कारखान्याच्या बातमीवर त्याने जुने दोन अंक टाचून दिले होते: 'हीच कंपनी, हीच पाच हजार माणसं. आपण त्यांना तिसऱ्यांदा कामाला लावतोय. आधीची दोन वेळची घरी गेली का?'

मुख्य उपसंपादिका त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होती. ती त्याला काका म्हणायची आणि त्याची प्रश्नचिन्हं हसत हसत खोडायची. "काका, तुमचं खरं असेल. पण खातं जे म्हणालं ते आपण छापतोय. खातं म्हणालं हे तर खरं आहे ना?"

"मॅडम, शेजारी म्हणाला की माझी म्हैस उडते, तर आपण 'म्हैस उडाली' असं छापायचं?"

"त्याने अर्धं पान जाहिरात दिली असेल तर पंखांचा फोटोसुद्धा छापू."

बाई वाईट नव्हती. खरं तेच बोलायची.

पूर्वी या कोपऱ्यात पाच मुद्रितशोधक होते. मग मालकांनी शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रॅम आणला, शंभर टक्के बिनचूक. शंकासुराने पहिल्याच दिवशी त्यात टंकलं: 'आज सूर्य पश्चिमेला उगवण्यात आला.' हिरवी खूण. महिन्याभरात चौघे गेले आणि हा उरला, कारण प्रोग्रॅमला नाटकांच्या जाहिराती झेपत नव्हत्या. तेव्हापासून तो सांगत फिरायचा, "खोट्याने ऱ्हस्व-दीर्घ सांभाळलं की त्याला कुणी अडवत नाही."

पण एवढं सगळं असूनही त्याचा एक नेम होता. शंका काढायची, मजकूर बदलायचा नाही. शुद्धलेखन आपलं, अर्थ उपसंपादकाचा. आणि आकड्याला तर हातच लावायचा नाही. एकतीस वर्षांत त्याने छापील आकड्यातला एक शून्यही स्वतःच्या मनाने इकडचा तिकडे केला नव्हता.

त्या वर्षी योजना चालवणाऱ्या खात्याने ठरवलं की मेलेल्या माणसांची कार्डं वापरून कुणीतरी फसवतंय, तेव्हा प्रत्येक कार्डवाल्याने आपण जिवंत असल्याचं लिहून द्यावं. शंकासुराने त्या बातमीवरही लिहिलं होतं, 'मेलेल्या माणसाचं डायलिसिस कसं करतात?' ते खोडलं गेलं. मग पोस्टाने एकपानी अर्ज आला. अर्ज माणूस वाचणार नव्हता, यंत्र वाचणार होतं. डावीकडे ओळी, उजवीकडे चौकटी. चौथी ओळ: 'लाभार्थी हयात आहै.' समोर चौकट.

शंकासुराने चष्मा वर केला. "ताई, हे बघ. सरकारला 'आहे' लिहिता येत नाही. एक मात्रा जास्त दिलीय."

"मग काय समजू? मी आहे की नाही?" ताई पाय उशीवर ठेवून बसली होती. "खूण कर आणि टाक पेटीत. प्रूफ नाहीये ते."

"पाच-सात लाख लोकांच्या घरी गेलं असेल हे असं."

"माझ्या औषधाची मात्रा रोज विसरतोस, कागदावरची बरी दिसते!"

त्याने सूचनेप्रमाणे काळ्या शाईने चौकटीत बरोबरची खूण केली. तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण हात एकतीस वर्षांचा होता. त्याने खिशातलं तांबडं पेन काढलं, 'है'वरच्या जादा मात्रेवर एक बारीक रेघ मारली आणि शिरस्त्याप्रमाणे समोर उजवीकडे 'काढून टाका'ची खूण केली. चूक ओळीत, खूण समासात, हा मुद्रितशोधकाचा धर्म. ती खूण म्हणजे एक वेटोळं, मागे शेपटी असलेलं. पूर्वी ते दिसलं की शिशाची अक्षरं जुळवणारा जुळारी तेवढा खिळा, म्हणजे अक्षर, उचलून बाहेर टाकायचा. या अर्जावर समासाच्या जागी चौकट होती, एवढंच. वेटोळं मोठं सुबक आलं होतं. त्याने समाधानाने अर्ज पाकिटात घातला.

तीन आठवड्यांनी, सोमवारी, केंद्रातल्या कार्डयंत्रावर ताईने कार्ड टेकवलं आणि तांबडा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: 'सदर लाभार्थीचे नाव वगळण्यात आले आहे.'

"कोणी?" शंकासुराच्या तोंडून सवयीने गेलं.

केंद्रातली सिस्टर भराभर बटणं दाबत होती. "काका, असं या महिन्यात चौथं झालं. मशीन कार्डाला बांधलंय, कार्ड हिरवं झाल्याशिवाय पंप फिरत नाही, पैसे भरले तरी. माणसामागे वर्षातून एकदा 'तातडी' दाबता येते. मावशींची आज दाबते. पण बुधवारच्या आत हे मिटवून आणा."

"दुसऱ्या केंद्रात?"

"बाराही केंद्रं एकाच कंपनीची. सगळीकडे हेच."

हे त्याला माहीत होतं. ती बातमी आली तेव्हा त्यानेच समासात विचारलं होतं, 'एकच का?'

मंगळवारी त्याने रजा टाकली आणि खात्याच्या कचेरीत अकरा नंबरच्या खिडकीशी उभा राहिला. इतिहासजमा झालेल्या रांगेत त्याचा नंबर त्रेसष्टावा होता. खिडकीतला कारकून तोंडात पेनाचं टोपण धरून ऐकत होता.

"नाव वगळण्यात आलंय, काका."

"कोणी वगळलं?"

"म्हणजे... वगळलं गेलंय."

"अहो, दात पडतो तसं नाव आपोआप पडत नाही. कुणीतरी वगळलं असेल. मला त्या माणसाचं नाव सांगा."

असं ठणकावून विचारायची संधी त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होती. आजवर सगळं समासात. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलले!" शंकासुर ताठ झाला.

कारकुनाने टोपण काढलं, काहीतरी शोधलं आणि पडदा फिरवून याच्याकडे केला. "हे बघा. तुमचाच अर्ज ना? चौकटीत बरोबर केलंय आणि बरोबरवर काट मारलीय. यंत्र दोन्ही वाचतं. आधी हयात म्हणालात, मग खोडलंत. म्हणजे रद्द. ही खूण कोणी केली?"

पडद्यावर ते वेटोळं चांगलं तळहाताएवढं दिसत होतं. शेपटी उजवीकडे वळलेली, शेवटी किंचित जाड. जगात दुसरा कुणीच ती शेपटी अशी जाड काढत नव्हता.

पडद्यावर बोट ठेवून तो म्हणाला, "ती मात्रेची आहे. 'आहे'वर मात्रा जास्त होती. ती काढा, असं लिहिलंय."

"कसली मात्रा?" कारकुनाने डोळे बारीक केले. "अरे हो की! 'आहै'. इतके दिवस आमच्या कुणाच्या लक्षात नाही आलं. पण मग चौकटीत कशाला काढलीत?"

"समासात काढायची असते."

"हा समास नाहीये हो काका. ही चौकट आहे."

रांगेतल्या माणसाने आता विचारलं, "किती वेळ?"

उपाय होता. लाभार्थीने गुरुवारी स्वतः हजर राहायचं, कॅमेऱ्यापुढे जिवंतपणा सिद्ध करायचा, मग तक्रार दाखल, मग पंधरा कामकाजी दिवस. "तोपर्यंत?" असं शंकासुराने विचारलं तेव्हा कारकून खरोखर कळवळून म्हणाला, "तोपर्यंत सांभाळा."

घरी येऊन त्याने ताईला एवढंच सांगितलं की नाव चुकून वगळण्यात आलंय.

"कोणी?" ताईने त्याचीच नक्कल केली आणि हसली. तो स्वयंपाकघरात गेला आणि उगीचच नळ सोडून उभा राहिला.

बुधवारी सिस्टरने तीनदा कार्ड टेकवून पाहिलं, दोन ठिकाणी फोन केले, एकदा डोळ्यांतलं पाणी बाहीला पुसलं. पंप फिरला नाही. रिकाम्या खुर्चीशेजारी धुतलेलं मशीन तसंच उभं. तिथून त्याने ताईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरने पाय दाबून पाहिले, छाती ऐकली. "अजून तितकं वाईट नाही. तुमचं नेमलेलं केंद्र आहे ना? इथे दम लागलेलेच घेतो आम्ही, खाटा नाहीत. पाणी मोजून, फळं बंद, दम लागला तर लगेच या." म्हणजे जिवंत असल्याचं एका दाराशी सिद्ध करायचं आणि मरायला टेकल्याचं दुसऱ्या. ताईला हा विनोद आवडला. तिने तो फोनला सांगितला. फोन म्हणाला, "ताई, मला नीट समजलं नाही."

गुरुवारी चष्मेवाल्याने दुकान बंद ठेवलं आणि आपली गिऱ्हाइकांसाठीची चाकांची खुर्ची दिली. खात्याच्या व्हरांड्यात दोन तास बसायचं होतं. ताईचा चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, लहानपणच्या फोटोतल्यासारखा. ती बर्फाचा एक तुकडा पुरवून पुरवून चोखत होती. शंकासुराला ते बघवेना.

"ताई, मीच केलं ते."

"काय?"

"त्या अर्जावर. मात्रा काढायची खूण. ती चौकटीत गेली. यंत्राला वाटलं, तुलाच काढून टाका म्हटलंय."

ताई बर्फ गालात सरकवून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. हसायलाही दम पुरत नव्हता.

"म्हणजे... एकतीस वर्षं विचारत होतास... कोणी केलं, कोणी केलं... आणि सापडला एकदाचा कर्ता!"

"हसू नकोस गं."

"मग रडू? पाणी मोजून सांगितलंय मला." तिने त्याचा हात धरला. त्याचं बोट तिच्या मनगटावर टेकलं तिथे खळगा तसाच राहिला, इतकी ती फुगली होती. "चूक दिसली तर तुला राहवत नाही. लहानपणी माझी पत्रंसुद्धा तपासायचास, चोरून. त्यात तर भलतंच काही असायचं, पण तुला दिसायच्या वेलांट्या."

आत कॅमेरा म्हणाला, डोळे मिटा, उघडा, मान डावीकडे. ताईने सगळं केलं, वर एक डोळाही मिचकावला. कारकुनाने पडदा वाचला आणि ओशाळला. "चेहरा जुळतोय. शंभर टक्के जुळतोय. पण... या चेहऱ्याचा माणूस हयात नाही, असं येतंय."

"त्याला सांगा, मला अजून निरोप मिळाला नाही," ताई म्हणाली.

तक्रार दाखल करण्यात आली. पावतीवर लिहिलं होतं, पंधरा कामकाजी दिवस.

शुक्रवारी शंकासुर कामावर गेला, कारण उपसंपादिकेची खात्यात ओळख होती. तिने त्याच्यासमोर दोन फोन लावले. दोन्हीकडून गोड उत्तर आलं की लक्ष घालण्यात येईल. साडेदहा वाजले होते, पान बाराला छपाईला सुटायचं. पहिल्या पानाचं प्रूफ त्याच्या टेबलावर आलं.

'खात्याची मोठी कारवाई. नव्या स्वयंचलित प्रणालीद्वारे ४१,३०७ मृत व बोगस लाभार्थी वगळण्यात आले. मानवी हस्तक्षेपाविना पार पडलेली ही प्रक्रिया संपूर्णपणे बिनचूक असल्याचे सांगण्यात आले.' शेजारी केंद्रं चालवणाऱ्या कंपनीची अर्ध्या पानाची जाहिरात, हसऱ्या म्हातारीचा फोटो.

त्याने प्रूफ घेतलं आणि उपसंपादिकेच्या टेबलाशी गेला. आकड्यावर तांबडं प्रश्नचिन्ह होतं.

"मॅडम, यात ताई आहे."

तिने वाचलं. पेन खाली ठेवलं. "माहीतेय काका. मला सकाळीच लक्षात आलं."

"ती घरी बसलीय. श्वास मोजतेय."

"मी एक बातमी करते त्यावर. नक्की करते. पण आज हा आकडा खात्याच्या पत्रकात आहे, सगळ्यांकडे गेलाय. मी बदलू शकत नाही. तुम्हीच सांगता ना, आपण आकड्याला हात लावायचा नाही?"

"हो."

"मग असाच जाऊ द्या."

तो जागेवर परत आला. शेवटची दुरुस्ती यंत्रात करून पान सोडायचं काम चौघे गेल्यापासून त्याच्याकडेच होतं. त्याने शेवटून दुसऱ्या ओळीतला एक अनुस्वार दुरुस्त केला. एक दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली. मग ४१,३०७ मधला सात काढला आणि तिथे सहा टाकला. प्रोग्रॅमने हिरवी खूण दिली. अकरा पन्नासला पान गेलं.

दुपारी केंद्रात तांबडा दिवा तसाच होता.

शनिवारी सकाळी मालकांनी बोलावलं. खात्याच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याचा फोन आला होता: सगळ्या पेपरांत सात आणि तुमच्याकडेच सहा कसा? एकेचाळीस हजार माणसं यादीतून गेली त्याचा कुणाला थांगपत्ता नव्हता. एक परत आलं ते मात्र वीस तासांच्या आत लक्षात आलं. मालक फार बोलले नाहीत. नाटकांच्या जाहिराती आता प्रोग्रॅमला जमतात, एवढंच म्हणाले. शंकासुराने तांबडी पेनं गोळा केली. चार होती, त्यातलं एक वाळलेलं.

घरी ताई दोन उश्यांना टेकून बसली होती. आडवं व्हायला जमत नव्हतं. त्याने शुक्रवारचा अंक तिच्या मांडीवर ठेवला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"खात्याने सात म्हटलं होतं. मी सहा केला. यात तू नाहीस."

ताईने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. "छापून आलंय?"

"साठ हजार प्रती."

"बघ रे," ती फोनकडे वळून म्हणाली, "साठ हजार लोकांना कळवलंय मी आहे म्हणून." मग थांबून, थोडा श्वास साठवून, "आणि तू? तुला काही बोलले का?"

"नाही. रजा दिलीय."

"किती दिवसांची?"

एकतीस वर्षांच्या शंकेखोराला थाप नीट मारता येत नव्हती आणि एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला लाइनीवरचा अबोला चांगला ऐकू येत होता. तिने पेपराची घडी घातली, आकडा वर राहील अशी, आणि उशाशी ठेवली.

रविवारी सकाळी तिला दम लागला. चष्मेवाला आणि तो, दोघांनी खुर्चीसकट खाली उतरवली. मोठ्या हॉस्पिटलात या वेळी लगेच घेतलं, कार्ड कुणी मागितलं नाही, धावपळही मनापासून झाली. मशीन जोडत असतानाच हृदय थांबलं. दुपारचे पावणेतीन. डॉक्टरने बाहेर येऊन सांगितलं, "उशीर झाला हो." शंकासुराने मान हलवली. कोणामुळे, असं विचारलं नाही.

दाखल्यावर नाव लिहिताना तिथल्या कारकुनाने विचारलं, "वेलांटी पहिली की दुसरी?" तेव्हा तो म्हणाला, "तुम्हाला वाटेल ती."

सोमवारी दहाच्या सुमाराला शंकासुर कचेरीत आला. दारावरच्या माणसाने अडवलं नाही. उपसंपादिका उभी राहिली, पुढे आली, काही बोलायला गेली. त्याने तिच्या हातात एक चिठ्ठी दिली. प्रूफाच्याच कागदाची पट्टी, वळणदार अक्षर.

'शुद्धिपत्र. शुक्रवारच्या अंकात पहिल्या पानावर वगळण्यात आलेल्या लाभार्थींची संख्या ४१,३०६ अशी प्रसिद्ध झाली आहे. ती ४१,३०७ अशी वाचावी.'

खाली आणखी एक ओळ होती, 'पैकी एक नाव मुद्रितशोधकाने वगळले.' पण तिच्यासमोर समासात ते वेटोळं काढलेलं होतं, शेपटी उजवीकडे वळलेली. मुद्रितशोधक पानात कुठेच नसतो.

उपसंपादिकेने दोनदा वाचलं. मग कामाचं काहीतरी बोलावं म्हणून ती म्हणाली, "काका, शेवटी 'चुकीबद्दल दिलगीर आहोत' घालावं लागतं. नेहमीचं."

"ते नको, मॅडम," शंकासुर म्हणाला. "चूक नव्हती ती. शुक्रवारी तो आकडा बरोबर होता."